‘बडोदिना’चे सूर आणि परिपत्रकातली एक ओळ

शासकीय सेवेत हयात घालवलेल्या माणसाची परिपत्रके वाचण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी धार्मिक स्थळे पुन्हा उघडण्यासंबंधी जी कार्यपद्धती जाहीर केली, तीही मी सवयीने शेवटपर्यंत वाचली. पादत्राणे शक्यतो स्वतःच्या वाहनातच ठेवावीत, मूर्तींना आणि ग्रंथांना हात लावू नये, प्रसाद वाटू नये, तीर्थ शिंपडू नये, प्रार्थनेसाठी बसायची चटई ज्याने त्याने घरून आणावी, अशा सूचनांच्या ओघात एक ओळ होती. संसर्गाचा धोका लक्षात घेता शक्य तेथे ध्वनिमुद्रित भक्तिसंगीत लावावे; गायनवृंदांना मात्र परवानगी देऊ नये.

ही ओळ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिले असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यातल्या एका हौशी गायनवृंदाने १० मार्च २०२० रोजी सुमारे अडीच तास तालीम केली. दाराशी हात निर्जंतुक करण्याची सोय होती, गळाभेटी टाळल्या होत्या, कोणी खोकतही नव्हते. तालमीला ६१ जण हजर होते. त्यांपैकी ५३ जणांना लागण झाली वा झाल्याचा दाट संशय होता आणि दोघे दगावले. करोना हवेतून किती सहज पसरतो हे जगाने ज्या मोजक्या घटनांतून ओळखले, त्यांतली ही एक. गाणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो. त्याच्या शेजारचाही तोच श्वास आत ओढतो. वृंदगानाचा सारा व्यवहारच एका खोलीतल्या सामाईक श्वासावर चालतो. म्हणजे बंदी योग्य होती.

मला अडले ते वाक्याच्या पहिल्या अर्ध्याशी. परिपत्रकाच्या दृष्टीने दोन्ही अर्धे एकमेकांची भरपाई करतात: गाणारे नकोत, तर गाण्याची तबकडी लावा. जे हवे ते मिळाले, धोका टळला. २०२० आणि २०२१ च्या नाताळांत कोलकात्यातल्या अनेक लहानमोठ्या वृंदांनी बंदी पाळली, पण ही भरपाई काही मान्य केली नाही. त्यासाठी त्यांना काय काय करावे लागले, ते सांगण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. त्याच वर्षी ३० जूनला ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाडीतून, मोजक्या वीस वारकऱ्यांसह पंढरपूरला गेल्या, हे आम्ही इकडे दूरचित्रवाणीवर पाहिले. पादुका वेळेवर पोहोचल्या, एकादशी चुकली नाही. पण ज्याला वारी म्हणतात ते त्या गाडीत मावणारे नव्हते, आणि हे गाडीतल्या वीस जणांना सर्वांत जास्त ठाऊक असणार.

आता कोलकात्याच्या नाताळाविषयी. आपण मराठीत ‘नाताळ’ म्हणता तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. बंगालीत चर्चला ‘गिर्जा’ म्हणतात, तोही त्यांचाच. सणाचे नाव मात्र आम्ही आमचे ठेवले: ‘बडोदिन’, मोठा दिवस. ईश्वरचंद्र गुप्त या कवीने एकोणिसाव्या शतकातच या नावाची कविता लिहून साहेबांच्या मेजवान्यांची थट्टा केली होती. पुढे ही थट्टाही मागे पडली आणि सण शहराचा झाला. न्यू मार्केटमधल्या नाहूम या ज्यू बेकरीत १९०२ पासून केक भाजले जातात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या रांगेत ख्रिस्ती माणूस शोधावा लागतो. रामकृष्णांच्या तरुण शिष्यांनी १८८६ मध्ये आंटपूरला धुनीभोवती बसून संन्यासाचा संकल्प केला, ती नाताळची पूर्वसंध्या होती असे नंतर त्यांच्या ध्यानात आले. बेलूर मठात २४ डिसेंबरला येशूच्या प्रतिमेपुढे दिवे लागतात आणि कॅरोल गाइले जातात. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९१० पासून ‘ख्रिस्तोत्सव’ सुरू केला. १९३९ च्या नाताळात, युरोपात युद्ध पेटलेले असताना, त्यांनी त्यासाठी एक गीत रचले. येशूला मारणारेच आज त्याच्या नावाने देवळात जमले आहेत, असा त्याचा आशय आहे. ते गोड गीत नाही. तरी ते दरवर्षी गाइले जाते.

गाण्याचीही या शहराला जुनी सवय आहे. सेंट पॉल्स कॅथेड्रलची प्रतिष्ठापना १८४७ ची, कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक १९१५ चे. बेहालाच्या ऑक्सफर्ड मिशनमध्ये फादर थिओडोर मॅथिसन यांनी गरीब घरांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो दिले. ग्रँड आणि ग्रेट ईस्टर्न हॉटेलांतल्या वाद्यवृंदांत बसणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. तिथल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून ते मुंबई, कराची, कोलकाता असे पोटासाठी पांगले. आणि चर्चच्या भिंतीबाहेर, १९५८ मध्ये, रूमा गुहठाकुरता यांनी कलकत्ता यूथ क्वायर स्थापन केला. त्यामागे सलील चौधुरी होते. याच सलीलदांनी तुमच्या मुंबईतही वृंदगानाचा प्रयोग केला होता. बंगाली मध्यमवर्गाला अनेक आवाजांत गाण्याची गोडी लागली ती बरीचशी या वाटेने.

आपले पारंपरिक समूहगान, मग ते कीर्तन असो वा भजन, बहुधा सर्वांनी एकच चाल धरून गायचे असते. एखादा मागे पडला तरी बाकीचे त्याला ओढून नेतात. चार भागांच्या वृंदगानाची रचना निराळी. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास हे चार गट एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात, आणि गाणे म्हणतात ते चौघांच्या मध्ये कुठेतरी असते. कोणा एकाच्या गळ्यात नसते. बासचा भाग तर एकट्याने गाइला तर ऐकणाऱ्याला कंटाळा यावा इतका साधा. निवृत्तीनंतर मी अशाच एका वृंदाच्या मागच्या रांगेत, बासमध्ये, उभा राहू लागलो, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

आमचा वृंद कोणत्याही एका चर्चचा नाही. मध्य कोलकात्यातल्या एका शाळेच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी तालीम. एकतीस माणसे: अँग्लो-इंडियन, बंगाली ख्रिस्ती, बंगाली हिंदू, मंगळूरचे एक दाम्पत्य, एक पारशी बाई आणि एक तरुण मुसलमान दंतवैद्य, ज्याचा टेनर आवाज ऐकून आमच्या संचालिका बाई म्हणाल्या होत्या की देव कोणत्या गळ्यात काय ठेवील सांगता येत नाही. मार्च २०२० मध्ये तालीम थांबली. २० मे रोजी अम्फान वादळ आले आणि सभागृहाची काही तावदाने फुटून पियानोवर रात्रभर पाऊस पडला. महासाथीने माणसे वेगळी केली होती. वादळाने वाद्यही नेले.

सुरुवातीला संगणकाच्या पडद्यावर एकत्र गाण्याचा प्रयत्न प्रत्येक वृंदाने केला असेल, आणि प्रत्येकाला दहा मिनिटांत कळले असेल की ते होत नाही. कारण साधे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरवर उभ्या असलेल्या गायकाचा सूर आपल्यापर्यंत पोहोचायला जवळपास ३० मिलिसेकंद लागतात. एवढा विलंब कान सांभाळून घेतो. इंटरनेटवरून येणारा आवाज याच्या कितीतरी पट उशिरा येतो, आणि प्रत्येकाकडे वेगळ्या उशिराने. सभा होऊ शकते, कारण सभेत एका वेळी एकच बोलतो (निदान तशी अपेक्षा असते). गाणे होऊ शकत नाही.

उरला तो दुसरा मार्ग: प्रत्येकाने घरी एकट्याने गायचे, मग कोणी तरी ते तुकडे एकावर एक रचायचे. एरिक व्हिटेकर या अमेरिकी संगीतकाराने २०१० मध्ये बारा देशांतल्या १८५ गायकांना असे जोडून दाखवले होते. २०२० मध्ये त्याच्याच प्रयोगात १२९ देशांतले १७,५७२ आवाज होते. आमच्या एकतीसांपैकी सव्वीस जणांनी ध्वनिमुद्रण पाठवले. बाईंनी चारही भाग स्वतः गाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर दिले होते. एका फोनला इअरफोन लावून एका कानाने ते ऐकायचे, दुसऱ्या फोनवर स्वतःला मुद्रित करायचे, आणि आरंभी एक टाळी वाजवायची. कारण जोडणाऱ्या मुलाला सव्वीस टाळ्या एका रेषेत आणल्या की पुढचे सोपे जाते. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद, खिडक्या बंद. तरी पहिल्या फेरीत कुकरच्या शिट्या आल्या, भंगारवाल्याची हाळी आली. एका आल्टो बाईंनी अखेर कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गाइले, आणि त्यांचाच आवाज सर्वांत स्वच्छ आला.

शेजारी कोणी नसताना चार भागांतला आपला भाग गाणे हा चमत्कारिक अनुभव आहे. तालमीत आपण आपला सूर शेजाऱ्याच्या सुराला टेकवून धरतो. तिथे टेकायला काही नसते. पाच जणांनी ध्वनिमुद्रण पाठवलेच नाही, त्यांतल्या तिघांनी सांगितलेले कारण एकच होते: स्वतःचा एकटा आवाज त्यांना ऐकवत नव्हता.

तो २०२० चा डिसेंबर प्रशासनाच्या अभ्यासकाला बोधप्रद वाटावा असा होता. दुर्गापूजेच्या आधी, १९ ऑक्टोबरला, कलकत्ता उच्च न्यायालयाने मंडप दर्शनार्थींसाठी बंद केले. बेलूर मठ भाविकांसाठी बंदच होता. शांतिनिकेतनचा पौषमेळा रद्द झाला. चर्चमध्ये प्रवेशावर मर्यादा होत्या. पार्क स्ट्रीटवर मात्र दिवे लागले आणि २५ डिसेंबरला तिथे माणसांची रीघ लागली. म्हणजे ज्यांना शिस्तीने, ठरावीक अंतरावर, ठरावीक वेळ उभे राहण्याची सवय आहे त्यांना उभे राहता येत नव्हते, आणि ज्यांना ती नाही त्यांना रोखणारे कोणी नव्हते. प्रशासनाला सभागृह बंद करता येते. रस्त्यावरच्या गर्दीपुढे त्याचे फारसे चालत नाही. हे मी नोकरीतही पाहिले आहे.

आमच्यापैकी आठ जण त्या आठवड्यात तीन संध्याकाळी बाहेर पडले. दोन हात अंतर, तोंडाला मुखपट्टी, जागा नेहमी मोकळी, प्रत्येक ठिकाणी तीन गाणी आणि दहा मिनिटे. रिपन स्ट्रीट, एलियट रोड, बो बॅरेक्सच्या आसपासच्या ज्या घरांत वृंदाचे म्हातारे सभासद अडकून पडले होते, त्यांच्या खिडक्यांखाली. दोन भागांना माणसे पुरत नव्हती, म्हणून बाईंनी काही गाण्यांची रचना तीन आवाजांत बदलली. वरून कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी आपला भाग खिडकीतून गाइला. मुखपट्टीतून शब्द नीट फुटत नाहीत, हे त्या वर्षी सर्वांनी शिकलेले सत्य. पण ओळखीच्या चालीला शब्द लागत नाहीत.

ज्यांच्या खिडक्यांखाली आम्ही उभे होतो त्यांपैकी बरेच अँग्लो-इंडियन. त्याच वर्षी २५ जानेवारीला घटनेची १०४ वी दुरुस्ती अमलात आली आणि लोकसभेतील दोन व विधानसभांतील त्यांच्या नामनिर्देशित जागा संपल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाला याच दुरुस्तीने दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली. यांच्या तरतुदीला मिळाली नाही. संसदेत सरकारने दिलेला आकडा होता २९६. २०११ च्या जनगणनेनुसार देशभरात म्हणे इतकेच अँग्लो-इंडियन उरले आहेत. जनगणनेचे काम मी जिल्ह्यात जवळून पाहिले आहे. त्या प्रश्नावलीत धर्माचा रकाना होता, अनुसूचित जाती-जमातीचा होता, मातृभाषेचा होता. ‘अँग्लो-इंडियन’ असा रकाना नव्हता. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर दोन-तीनशे लोकांनी आपण होऊन लिहिले, आणि ते समाजाची लोकसंख्या म्हणून सभागृहात वाचले गेले. प्रतिनिधित्व असावे की नसावे यावर दोन मते असू शकतात. आकड्यावर असू नयेत. कोलकात्याच्या दोन-तीन गल्ल्यांत हिंडून कोणीही हा आकडा पार करून दाखवील.

या समाजाचा गाण्याशी संबंध सांगायला हवा, कारण शहरातल्या चार भागांच्या वृंदगानाला वर्षानुवर्षे खांदा दिला तो त्यांनी. तरुण मंडळी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडला गेली. मागे आईवडील राहिले, आणि त्यांच्याजवळ वह्या. आमच्या बासच्या रांगेत माझ्या उजव्या हाताला उभे राहणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या वह्यांत पाश्चात्त्य स्वरलिपी नव्हती. मिशनरी शाळांनी शिकवलेल्या अक्षरलिपीत, डो-रे-मीची आद्याक्षरे मांडून, कार्बन लावून उतरवलेली शंभरेक गाणी होती. काहींवर त्यांच्या वडिलांचे हस्ताक्षर. मला चाल येत नसे तेव्हा ते वही पुढे करत नसत, माझ्या कानाशी किंचित मोठ्याने गात. वृंदगान असेच शिकले जाते. पुस्तकातून ते फार थोडे येते.

२०२१ च्या एप्रिल-मेची दुसरी लाट आपणा सर्वांच्या घरावरून गेली, तिचे वर्णन इथे करत नाही. आमच्या वृंदातील दोघे गेले: एक आल्टो गाणाऱ्या शिक्षिका आणि हे रेल्वेचे गृहस्थ. अंत्ययात्रेला वृंद गाऊ शकला नाही. नियमच तसा होता.

आणि येथे त्या कंटाळवाण्या, कुकरच्या शिट्यांनी भरलेल्या ध्वनिमुद्रणांचा एक उपयोग पुढे आला, जो आधी कोणाच्या मनात नव्हता. वृंदात आयुष्यभर गाणाऱ्या माणसाचा आवाज सहसा कुठेच वेगळा राहत नाही. ध्वनिमुद्रण झालेच तर सर्वांचे मिळून होते. तो त्यात असतो, पण सापडत नाही. २०२० च्या हिवाळ्यात प्रथमच प्रत्येकजण सुटा मुद्रित झाला होता. जोडणाऱ्या मुलाच्या संगणकावर त्या दोघांच्या फायली तशाच होत्या, प्रत्येकी पाच गाणी, आरंभी टाळीसह. शिक्षिकाबाईंची फाइल त्यांच्या मुलीने मागून नेली. बासची फाइल ऑगस्टमध्ये आमच्याकडे नव्याने आलेल्या एका महाविद्यालयीन मुलाला देण्यात आली. तो त्याच्यावरून आपला भाग शिकला. तिसऱ्या गाण्यात एका जागी हे गृहस्थ श्वास घ्यायला छापील खुणेच्या एक शब्द आधी थांबत. तो मुलगाही आता तिथेच थांबतो. बाईंनी ते सुधारलेले नाही.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची गोष्ट अनेकांना माहीत असेल. ज्या नाताळच्या गायनसेवेचे प्रक्षेपण आज जगभर ऐकले जाते, ती पहिल्यांदा झाली २४ डिसेंबर १९१८ ला. महायुद्ध संपून सहा आठवडे झाले होते आणि इन्फ्लुएंझाची साथ चालूच होती. लष्करात धर्मगुरू म्हणून युद्ध पाहून आलेल्या एरिक मिल्नर-व्हाइट यांना नुसती नेहमीची प्रार्थना पुरेशी वाटली नाही. शंभर वर्षांनी दुसऱ्या साथीत, २०२० मध्ये, तीच सेवा रिकाम्या चॅपेलमध्ये आधी मुद्रित करून ऐकवावी लागली. तिच्यामागे मोठी संस्था आहे, बीबीसी आहे, मुलांना गाणे शिकवणारी निवासी शाळा आहे. एखादे वर्ष चुकले तरी ती सावरेल. आमच्याकडच्या वृंदांमागे असते ते एखाद्या बाईंचे घर, शाळेचे उसने सभागृह, आणि चहाची वर्गणी.

त्यातही मोठी काळजी शाळांची होती. या शहराला गाणारी माणसे पुरवली ती लोरेटो, ला मार्टिनिअर, सेंट झेवियर्स यांच्यासारख्या शाळांच्या सकाळच्या प्रार्थनासभांनी. पश्चिम बंगालमध्ये नववी ते बारावीचे वर्ग सुमारे वीस महिन्यांनंतर, १६ नोव्हेंबर २०२१ ला उघडले; खालचे वर्ग तेव्हाही बंदच होते. मुलाचा उंच, कोवळा आवाज फुटेपर्यंत मिळून चार-पाच वर्षे मिळतात. त्यांतली दोन गेली. अभ्यासक्रमाची भरपाई करण्याविषयी समित्या नेमल्या जात होत्या, आणि त्या नेमायलाच हव्या होत्या. पण जो दहा वर्षांचा मुलगा त्या दोन वर्षांत सोप्रानोच्या रांगेत उभा राहणार होता तो तोवर बारा वर्षांचा झाला होता, आणि कोणतीही समिती त्याला दहाचा करू शकत नव्हती. वृंदाची साखळी तुटते ती अशी, आवाज न करता. कोणी बंद पडल्याची घोषणा करत नाही. एखाद्या वर्षी टेनर मिळत नाहीत, दुसऱ्या वर्षी तालमीचा दिवस बदलतो, तिसऱ्या वर्षी पियानो विकला जातो.

१५ डिसेंबर २०२१ ला युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. शहर आनंदात होते आणि मीही. यादीत जाण्यासाठी लागणारे अर्ज, छायाचित्रे, चित्रफिती काय असतात याची मला कल्पना आहे. पूजेचे निदान मंडप दिसतात, मूर्ती दिसते, कुमारटुलीचे कारागीर दाखवता येतात. पण अमूर्त म्हणावे तर वृंदगानाइतके अमूर्त दुसरे काय असणार? तालीम संपली की सभागृहात खुर्च्यांखेरीज काही उरत नाही. त्यासाठी कोणी यादीत नाव घालावे असे माझे मागणे नाही. नगरपालिकेने आणि शाळांनी त्यांची रिकामी सभागृहे, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, आठवड्यातून दोन तास अशा मंडळींना द्यावीत, एवढे मात्र आहे. याला खर्च नाही. फार तर एक परिपत्रक लागेल.

२०२१ च्या डिसेंबरात ओमायक्रॉनच्या बातम्या रोज वाढत होत्या, त्यामुळे त्या वर्षीही आम्ही सावधच होतो. सर्वांच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या. तालमी डिसेंबरभर शाळेच्या अंगणात झाल्या, पियानोऐवजी एक लहान कीबोर्ड, आणि रांगांमध्ये खडूने आखलेल्या खुणा. एकवीस जण उभे राहणार होते. पाच गाणी, त्यांत रवींद्रनाथांचे ते १९३९ चे गीतही, चार आवाजांत. कार्यक्रम शुक्रवारी, २४ तारखेला, अंगणातच. या दिवसांत कोलकात्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंगणात दिव्याची सोय नव्हती. वह्या वाचता आल्या पाहिजेत, म्हणून वेळ साडेतीनची ठेवली होती.